सुपारीएवढी

सगळा घोळ टेलिफोनच्या तारेनं केला, असं शंकरप्पा पुढं जन्मभर सांगत राहिले. तारेचा दोष थोडा होताच. पण निम्मा घोळ रविकिरणच्या लाजेनं केला आणि उरलेला शंकरप्पांच्या घाईनं, हे उदगीरच्या अडत बाजारात सगळ्यांना माहीत होतं. फक्त शंकरप्पांच्या तोंडावर कुणी म्हणत नसे.

गुरुवारी अकराच्या सुमाराला फोन वाजला, तेव्हा ते दुकानात हरभऱ्याचा नमुना तळहातावर घेऊन फुंकत बसले होते. दुकान पत्र्याचं. मागचं गोदाम पत्र्याचं. घरही पत्र्याचं. नऊ वर्षांपूर्वी, भूकंपाच्या त्या पहाटे, ते थोरल्या भावासोबत, गुरुपादप्पांसोबत, किल्लारीकडच्या एका गावात मुक्कामाला होते. पडलेल्या माळवदाच्या मातीखालून यांना दुपारी काढलं, जिवंत. गुरुपादप्पांना संध्याकाळी काढलं. तेव्हापासून शंकरप्पा कधी स्लॅबखाली गेले नाहीत. बँकेचा मॅनेजर सही घ्यायला रस्त्यावर यायचा. साडूच्या मुलीच्या लग्नात ते मंगल कार्यालयाबाहेर उन्हात उभे राहून, भिंतीच्या दिशेनं अक्षता टाकून आले. आणि झोपताना उशाशी तांब्या, तांब्याच्या तोंडावर आडवं तोललेलं फुलपात्र. जमीन जरा हलली तरी ते खडखडलं पाहिजे. मांजर गेली तरी खडखडायचं आणि सगळं घर अंगणात जमायचं. नऊ वर्षांत घर दोनशे वेळा तरी मांजरापासून वाचलं असेल.

"काका, मी रवी. नांदेडहून बोलून राहिलो."

"नांदेडला काय करून राहिला? क्लास न्हाई का आज?"

"काका, एक सांगायचं होतं..." मग नुसती खरखर. "...गाठ हाय."

"काय हाय?"

"गाठ! गाठ हाय म्हणतेत!"

शंकरप्पांनी हातातला हरभरा पोत्यात टाकला. रेणापूरच्या मलप्पांच्या मुलीला, शिवलीलेला, पाहून दोन महिने झाले होते. शाळेत शिक्षिका, हसरी, तोंडाला तोंड देणारी. पोरानं ना हो म्हटलं होतं, ना नाही. मलप्पांचे निरोपांवर निरोप येत होते. आणि आज हा म्हणतो, गाठ आहे. ती तर वरूनच बांधून आलेली असते.

"मग काय म्हणतेत ते?"

"लवकर काढायची म्हणतेत. उशीर करू नका म्हणले."

"काढू की! पंचांग घरातच हाय."

खरखर. "...सुपारीएवढी..."

"सुपारी? हाव, हाव, सुपारी तर फोडूच! रविवारी!"

"बुधवारी म्हणले, काका..."

"बुधवार लांब हाय. तू रविवारी घरी ये. बाकी मी बगतो. तू काही घाबरू नको."

तिकडं नांदेडच्या बूथवर रविकिरणला तुटक एवढंच ऐकू आलं: रविवारी घरी ये, मी बगतो, घाबरू नको. काचेच्या त्या खोक्यात उभं राहून त्यानं डोळे पुसले. काकांनी किती शांतपणानं घेतलं, असं त्याला वाटलं. अठ्ठावीस वर्षांत काकांनी कुठलीच गोष्ट शांतपणानं घेतलेली नव्हती, हे त्याच्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

*

लातुरात रविकिरण सरांच्या बायोलॉजीला तीनशे मुलं बसत. मेडिकलला स्वतः दोन मार्कांनी हुकलेला हा माणूस दरवर्षी चाळीस-पन्नास डॉक्टर घडवून पाठवत होता. त्याची ख्याती यमकांवर होती. कुठलाही अवघड मुद्दा तो दोन ओळींत बांधायचा आणि मुलं तो जन्मभर विसरायची नाहीत. गर्भ राहिला की बाईच्या रक्तात एचसीजी नावाचं द्रव्य वाढतं. सर म्हणायचे, "एचसीजी चढलं," आणि तीनशे मुलं ओरडायची, "की बारसं ठरलं!"

दुसरी ख्याती अशी, की जे स्वतः करून पाहिलं नाही ते सर शिकवत नसत. झुरळ स्वतः चिरायचे, रक्तगट स्वतःचं बोट टोचून दाखवायचे. तीन आठवड्यांपूर्वी प्रजननाचा धडा चालू असताना त्यांनी जाता जाता सांगितलं, की ऐन तारुण्यात वृषणात एखादी न दुखणारी गाठ आली तर दुर्लक्ष करू नये. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग तपासायचं कसं?" वर्गात खसखस पिकली. सरांचा चेहरा हलला नाही. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, अंगठा आणि दोन बोटं, हळू फिरवून, असं सगळं फळ्यावर क्रमानं लिहून दिलं. आणि आपण हे कधी करून पाहिलेलं नाही, हे आठवून दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः करून पाहिलं.

उजवीकडं सगळं पुस्तकाप्रमाणं होतं. डावीकडं पुस्तकात पुढच्या पानावर जे होतं ते होतं.

बादलीतलं पाणी गार होईस्तोवर तो पाटावर बसून राहिला. दुखत नव्हतं, हेच वाईट होतं, आणि ते त्याच्याइतकं लातुरात कुणाला कळत नव्हतं.

लातुरात डॉक्टरकडं जायची सोय नव्हती. निम्म्या डॉक्टरांची मुलं त्याच्या क्लासला. म्हणून नांदेड. तिथंही दवाखान्यात बसल्या बसल्या दोन पालकांनी "सर, तुम्ही इथं?" म्हणून गाठलंच. एकानं तर मुलाची प्रगती विचारत सोनोग्राफीच्या दारापर्यंत सोबत केली. सर्जन होत्या डॉक्टर कहकशां. बाई पाहून रविकिरणनं परत फिरायचा विचार केला, पण पालक दारात उभे होते.

रक्ताची एक तपासणी लातुरात करून आणायला त्यांनी सांगितलं. लॅबवाला चिठ्ठी वाचून म्हणाला, "सर, ही तर बायांची टेस्ट हाय." रविकिरण म्हणाला, "अभ्यासासाठी पायजे." नाव विचारलं तेव्हा आर. जी. एवढंच सांगितलं. रविकिरण गुरुपादप्पा. वय अठ्ठावीस. स्त्री की पुरुष, तो चौकोन लॅबवाल्यानं आदरापोटी कोरा सोडला.

गुरुवारी रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, "सर, मैं घुमाके नहीं बोलती. कॅन्सर हाय. पण बरा होनारा हाय, वक्त पे आलात. तो एक पूरा काढून टाकावा लागतो. बुधवारी या. संगट घरचं मोठं मानूस आणा."

"घरी कसं सांगू, डॉक्टर?"

"सांगा, गाठ हाय म्हनून."

"केवढी विचारलं तर?"

"सुपारीएवढी म्हना. लोकांना समजतंय."

*

रविवारी सकाळी तो उदगीरला उतरून घरी आला, तर अंगणात मांडव. बाहेर रेणापूरची जीप. ओसरीवर पितळी ताटात हळद, कुंकू आणि मधोमध सुपारी. आजारी माणसाला बघायला लोक येतात हे त्याला माहीत होतं, पण मांडव घालून येत नाहीत.

आई, रत्नम्मा, नवं इरकल नेसून समोर आल्या. डोळे भरलेले, तोंड हसरं.

"अव्वा, काकानं सांगितलं का तुला?"

"सांगितलं की! लई आनंद झाला, बाबा."

"आनंद?"

"किती दिवस वाट बगून राहिले मी. तुझे अप्पा असायला पायजे होते."

"अव्वा, ते काढायची म्हणतेत..."

"काढली की. वैशाखातली काढली. स्वामी म्हणले याच्यापेक्षा चांगली न्हाई."

तो तोंड उघडणार तेवढ्यात नीलम्माकाकूंनी त्याला खोलीत ओढलं, अंगावरचा प्रवासानं चुरगळलेला शर्ट काढून घेतला आणि नवा हातात दिला. काकूंचं आणि रत्नम्मांचं गेले दोन महिने मीठ-मिरचीपुरतं बोलणं चाललं होतं. काकूंच्या मनात त्यांच्या बिदरच्या भावाची मुलगी होती. शिवलीलेच्या सुपारीच्या दिवशी आपण कमी पडलो असं कुणी म्हणू नये, म्हणून त्या पहाटेपासून सगळ्यांपेक्षा जास्त राबत होत्या आणि प्रत्येक भांडं गरजेपेक्षा जरा जोरात ठेवत होत्या.

शर्ट धुवायला टाकण्याआधी त्यांनी खिसा तपासला. आत घडी घातलेला कागद निघाला.

"वर्षाराणी, हे काय हाय बग गं."

वर्षाराणी त्यांची मुलगी, गेल्या साली लातूरला दादाच्याच क्लासला होती. तिनं कागद उलगडला आणि तिचा रंग उडाला. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "एचसीजी चढलं..."

"काय म्हणून राहिली?"

"की बारसं ठरलं," वर्षाराणी म्हणाली आणि मटकन पोत्यावर बसली. "आई, ही दिवस गेल्याची टेस्ट हाय. आन लई चढलंय. दादानंच शिकवलंय."

नीलम्मांना आधी, खरं सांगायचं तर, आनंद झाला. शिवलीला गेली. मग लगेच कळलं की बिदरची भाचीही गेली. आणि मग घराण्याची अब्रू आठवली. त्या तशाच रत्नम्मांकडं गेल्या, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हाताला धरून बाजूला घेतलं.

"अक्का, घात झाला. आपल्या रवीनं कुणाला तरी... ही बगा चिठ्ठी. नाव आर. जी. लिवलंय."

रत्नम्मांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली. "आर. जी.? अगं, रत्नम्मा गुरुपादप्पा. हे तर माझंच नाव झालं!"

दोघी जावा एकमेकींकडं बघत राहिल्या.

"वय अठ्ठावीस लिवलंय," वर्षाराणी घाईनं म्हणाली.

"म्हून वाचले मी," रत्नम्मा म्हणाल्या.

रविकिरण काकांना शोधत गोदामात आला होता. एकट्याला गाठून एकदाचं सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण काकांच्या जागी तिघी बायका आत शिरल्या आणि नीलम्मांनी दार लावून घेतलं.

"कोन हाय ती?" रत्नम्मांनी विचारलं.

रविकिरणनं त्यांच्या हातातला कागद पाहिला आणि त्याला वाटलं, चला, कळलं. कोण म्हणजे डॉक्टर.

"कहकशां म्हणून हाय. नांदेडची."

"अय्यो शिवा!" नीलम्मांनी खांबाला धरलं.

"लई चांगली बाई हाय, अव्वा. मला काही लपवून ठेवलं न्हाई तिनं."

"किती दिवस झाले?"

"मला कळून तीन आठवडे. त्याच्या आधीपासून असणार."

"आन आता काय करायचं म्हणतेत?"

"सांगितलं की सकाळी. काढून टाकायची. बुधवारी."

रत्नम्मांचा हात वर गेला. नवरा गेल्यावर या पोरावर त्यांनी कधी हात उचलला नव्हता. "काढून टाकायची? माझं नातवंड? आरं कुणाचंबी असंल, कुठल्याबी जातीचं असंल, जीव हाय त्यो! मी सांभाळते. अक्कल हाय का तुला? तिला इथं आण!"

"अक्का खरं म्हणून राहिल्या," नीलम्मा रडत म्हणाल्या. "आम्ही दोघी सांभाळू."

दोन महिने न बोलणाऱ्या जावा एका पोत्याला टेकून, न जन्मलेल्या नातवंडासाठी एकमेकींच्या पदरानं डोळे पुसू लागल्या. रविकिरणला काही कळेना.

"अव्वा, अगं ते दुसऱ्या कुणाचं न्हाई. माझंच हाय!"

"तुझंच हाय, हे कळलंय सगळ्यांना!"

त्याच वेळी दार ढकलून शंकरप्पा आत आले. हातात सुपारीचं ताट, मागं मलप्पा. पांढरी टोपी, जाड भिंग, बोलण्यापेक्षा ऐकणारा माणूस. "काय चाललंय? स्वामी खोळंबलेत. बाहेर आवाज येऊन राहिला."

आता पाच जण त्याच्याकडं बघत होते. तीनशे मुलांसमोर जो शब्द दरवर्षी बेधडक उच्चारला, तो आईसमोर, काकूसमोर, होणाऱ्या सासऱ्यासमोर तोंडातून निघेना. त्याची नजर भिंतीकडं गेली. तिथं बाजारभावाचा फळा होता. तूर, मूग, हरभरा, करडई. खाली खडूचा तुकडा.

त्यानं खडू उचलला, आणि खडू हातात येताच त्याचा आवाज बदलला.

"बसा खाली. सगळे. मधे कुणी बोलायचं न्हाई. शंका शेवटी."

का कोण जाणे, सगळे बसले. शंकरप्पा ताट मांडीवर घेऊन हरभऱ्याच्या पोत्यावर, मलप्पा तुरीच्या. रविकिरणनं तळहातानं तूर-मूग पुसले आणि दोन झोकदार रेघांत आकृती काढली. हात वर्षानुवर्षांच्या सरावाचा होता.

"हे पुरुषाचं वृषण. दोन असतात. उजवं, डावं."

"म्हंजे बैलाचं बडवतेत, ते का?" शंकरप्पांनी विचारलं.

"शंका शेवटी. हाव, तेच." डाव्या आकृतीत त्यानं खडूनं एक भरीव गोल काढला. "माझ्या डाव्यात गाठ आली. एवढी. सुपारीएवढी. फोनवर मी हेच सांगत होतो, काका."

शंकरप्पांनी मांडीवरच्या ताटात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही कॅन्सरची गाठ हाय. डॉक्टर कहकशां सर्जन हायत. बुधवारी ते काढून टाकणार. बाई, नातवंड, कुणी न्हाई. मीच हाय."

बाहेर मांडवात कुणाचं तरी पोर पिपाणी वाजवत होतं. फळ्यावर त्या गोलाखाली अजून "हरभरा" हा शब्द तसाच राहिला होता आणि एरवी कुणालाही हसू आलं असतं.

"आन एचसीजी चढलं की बारसं ठरलं, त्याचं काय?" वर्षाराणीनं हात वर करून विचारलं. सवयच ती.

"ही गाठबी तेच द्रव्य करते. पुरुषातबी चढतं. ते मी तुम्हाला शिकवलं न्हाई." खडू त्याच्या बोटांत मोडला. "परीक्षेत येत न्हाई म्हणून सोडून दिलं होतं."

आणि एवढ्यावर त्याचा सरांचा आवाज संपला. "अव्वा, मला लई भ्या वाटून राहिलं," तो म्हणाला.

रत्नम्मा उठल्या. मघाशी मारायला उचललेल्या हातानंच त्यांनी त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "तीन आठवडे एकटा घेऊन फिरला," त्या म्हणाल्या. "येवढा शिकलास आन येवढा येडा कसा रे?" नवरा त्यांनी एका पहाटेत गमावला होता. हा पोरगा त्या कुणालाही देणार नव्हत्या, आणि हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं, किल्ल्यातल्या उदागीरबाबाचं नाव घेऊन, नेमकं कुणाला ते कळलं नाही.

शंकरप्पांना मात्र समोरच्या पाहुण्याची काळजी. "मलप्पाअण्णा, माफ करा. आमची चूक झाली. तुमच्या पोरीचं नुकसान नको. सोयरीक इथंच..."

"शंका इचारू का?" मलप्पा फळ्याकडं बघत म्हणाले. "डावं काढलं, तर उजवं ऱ्हातं न्हवं?"

"ऱ्हातं."

"त्याचं काम चालतं न्हवं?"

"बहुतेक वेळा चालतं. डॉक्टर म्हणतेत, होतात लेकरं."

मलप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बायकांकडं पाठ करून बसले. "सोळा वर्षांचा होतो. खोंडानं लाथ घातली. डॉक्टरनं एक काढून टाकलं, उजवंच. तवापासून एकावर हाय मी." त्यांनी चार बोटं वर केली. "चार लेकरं. शिवलीला तिसरी. घरातलं मानूस सोडून दुनियेत कुणाला बोललो न्हाई. आज तुमच्या गोदामात बोललो, हितंच ऱ्हाऊ द्या."

आणि मलप्पांचं ते गुपित तिथंच राहिलं. उदगीरच्या अडत बाजाराच्या इतिहासात गोदामातली गोष्ट गोदामात राहिल्याचं हे एवढंच उदाहरण असावं.

"पण पोरीला सगळं सांगणार मी," मलप्पा उठत म्हणाले. "तिचा जलम हाय, तिनं ठरवायचं." ताटातली सुपारी उचलून त्यांनी बंडीच्या खिशात टाकली. "आधी ती सुपारी निघू द्या. मग ही फोडू का न्हाई, बगू."

राहता राहिला बुधवार. घरचं मोठं माणूस.

"दवाखाना कितवा मजला?" शंकरप्पांनी विचारलं.

"तिसरा."

सगळ्यांनी दुसरीकडं पाहिलं. शंकरप्पा बोटानं ताटातलं कुंकू सारखं करत राहिले. "मी खाली थांबतो," ते म्हणाले. "झाड हाय का तिथं एखादं?"

*

कडुनिंब होता. बुधवारी सकाळी आठपासून शंकरप्पा त्याच्याखाली कापडी पिशवी पोटाशी धरून बसले होते. रत्नम्मा वर पोराजवळ. मान मागं टाकून त्यांनी ती इमारत मोजली. एक, दोन, तीन. वर पाण्याची टाकी. भरलेली असणार.

दहाच्या सुमाराला डॉक्टर कहकशां स्वतः कागद घेऊन खाली आल्या. वर न येणाऱ्या काकाची गोष्ट रत्नम्मांनी त्यांना सांगितलेली दिसत होती.

"सर के काका? यहाँ सही लगती."

शंकरप्पांनी सही केली. "पोरगं काय करून राहिलं?"

"नर्सला शिकवून राहिले. पण हात बर्फासारखे गार हायत. तीन बार खिडकीतून खाली देखे."

शंकरप्पांनी पुन्हा वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत कुणी नव्हतं.

"बाई, ही इमारत कधीची?"

"छियानवे की."

"म्हंजे भूकंपानंतरची."

"हाव, बादमें."

"सळई किती जाड, किती सुताची घातली?"

"वो तो मेरेकू मालूम नहीं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पर मैं रोज वरच बसती, काका."

वर रविकिरण हिरव्या झग्यात पलंगावर बसला होता. पायाशी सकाळी मलप्पांचा माणूस देऊन गेलेली चिठ्ठी. सुवाच्य, शाळेतलं अक्षर. 'अण्णांनी सगळं सांगितलं. ते यमक अर्धवट आहे, दुरुस्त करून मुलांना पुन्हा शिकवा. माझी हरकत नाही. शिवलीला.' त्यानं ती चिठ्ठी एवढ्या वेळा वाचली होती, की आता तिच्यातलं व्याकरण तपासायचं तेवढं बाकी होतं. बरं वाटत होतं. पण हात गार ते गारच. आणखी थोड्या वेळात ट्रॉली येणार होती.

आधी जिन्यात आवाज आला. कुणीतरी मोठ्यानं मोजत होतं. "एकोणचाळीस... चाळीस... शिवा शिवा... एक्केचाळीस..."

शंकरप्पा दारात आले तेव्हा डोळे गच्च मिटलेले, एक हात भिंतीला, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. डॉक्टरबाई मागं, पडले तर धरायला. रत्नम्मांनी तोंडाला पदर लावला. नऊ वर्षांत त्यांनी या माणसाला पत्र्याशिवाय दुसऱ्या छपराखाली पाहिलं नव्हतं.

"काका..."

"बोलू नको. पलंग कुठं हाय?"

रत्नम्मांनी हात धरून नेलं. पलंगाचा कठडा लागल्यावर शंकरप्पांनी एक डोळा उघडला, वर स्लॅबकडं पाहून लगेच मिटला. मग चाचपडत पिशवीतून तांब्या काढला आणि उशालगतच्या टेबलावर ठेवला. त्यावर फुलपात्र. ते तोलायला तीन प्रयत्न लागले. मदत केलेली त्यांना चालली नाही.

"हे वाजलं," ते म्हणाले, "की मी तुला उचलणार आन खाली पळणार. टाके घातलेले असले तर गेले उडत. तू नुसता माझ्या मानेला धरायचं."

"काका, काही होणार न्हाई."

"तुझा अप्पाबी हेच म्हणून झोपला होता. तवा मी उशाला काही ठेवलं नव्हतं."

शंकरप्पा पलंगाच्या कडेला टेकले. नर्सनं आत येऊन त्या तांब्याकडं पाहिलं, डॉक्टरबाईंनी तिला नजरेनंच गप्प केलं.

आणि फुलपात्र खडखडलं.

आधी हळू, मग चांगलंच. रविकिरणला काही कळायच्या आत काकांचे दोन्ही हात त्याच्याभोवती होते, एक पाठीमागून, एक गुडघ्याखालून. साठीचा माणूस, पण पोती उचललेले हात. पलंगावरून तो अर्धा वर उचललासुद्धा गेला. चिठ्ठी खाली पडली. वऱ्हांड्यातून गडगडत येणारी ट्रॉली दारात थांबली आणि ढकलणारा वॉर्डबॉय आ वासून बघत राहिला.

"काका," रविकिरण त्यांच्या मानेला धरून म्हणाला, "ट्रॉली हाय. मला न्यायला आली."

शंकरप्पांनी दोन्ही डोळे उघडले. ट्रॉलीकडं पाहिलं, स्लॅबकडं पाहिलं, पुतण्याकडं पाहिलं.

"दिसून राहिलं मला," ते म्हणाले, आणि त्याला तसाच उचलून ट्रॉलीपर्यंत घेऊन गेले.